लक्ष्मीबाई टिळक : संसार आणि श्रद्धा

मित्रांनो, मराठीचा तास म्हटला की आपण कॉन्व्हेंटवाले थोडे घाबरतोच. पण जोडाक्षरं लिहिताना अडखळणारी एक बाई मराठीतली मोठी लेखिका झाली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनू गोखले. वडील इतके सोवळे की बाजारातलं मीठसुद्धा धुवून घेत. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न कवी नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक विद्वान आणि प्रेमळ, पण भयंकर तापट. आज नोकरी आहे तर उद्या नाही, आणि हातात पैसा आला की कुणालाही देऊन मोकळे! त्यात लहान मुलं गेल्याचं दुःख.

१८९३ साली आपल्या विदर्भातून, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थांनी टिळकांना बायबल वाचायचा आग्रह केला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं! नवरा जिवंत, पण धर्म वेगळा. पुढची चार-पाच वर्षं त्यांनी मुलाला घेऊन नातेवाइकांकडे काढली. तरी दोघांचं प्रेम आटलं नाही. पुढे त्या टिळकांकडे नगरला आल्या, पण स्वयंपाक आणि सोवळं वेगळंच ठेवलं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हळूहळू त्यांना पटलं की जातिभेद देवाने नाही, माणसाने केलेला आहे. आधी सोवळं सुटलं आणि मग १९०० साली, स्वतःच्या मनाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यानंतर दुःख संपलं असं नाही. पण त्यांची श्रद्धा नुसती प्रार्थनेत राहिली नाही. नगरला प्लेगच्या साथीत त्या रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. कुणाकुणाची मुलं त्यांनी आपल्या घरात वाढवली. ९ मे १९१९ ला टिळक गेले. त्यांच्या 'ख्रिस्तायन' महाकाव्याचे सुरुवातीचेच अध्याय झाले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले! १९३३ मध्ये नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' आजही वाचलं जातं. त्यात नवऱ्याच्या रागाबद्दल लिहितानासुद्धा कडवटपणा नाही, उलट स्वतःवरच हसणं जास्त आहे.

होस्टेलच्या एका रूममध्ये आपण तीन-चार धर्मांचे, जातींचे मित्र राहतो. कुणाचा उपवास, कुणाची नमाज, कुणाची रविवारची चर्च. लाईट बंद करण्यावरून आपण आठवडाभर अबोला धरतो. इथे तर अख्खा धर्मच आड आला होता, तरी त्या दोघांनी एकमेकांना वेळ दिला. देवावर प्रेम आहे म्हणणं सोपं आहे, पण घरातल्या तापट माणसावर रोज प्रेम करणं हीच खरी परीक्षा. आणि या परीक्षेला, मित्रांनो, एटीकेटी नसते!