सूरश्री केसरबाई केरकर

आपल्या मंडळात पेटीचा आणि भजनाचा वर्ग सुरू झाल्यापासून गाण्याविषयी बोलणे पुष्कळ होते. कुणाचा गळा गोड, कुणाचा जाड, असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण गळा गोड असला म्हणजे बाई कलावंत झाली का? केसरबाईंचे चरित्र वाचल्यावर मला तरी तसे वाटेनासे झाले. भगिनींना त्यांची ओळख व्हावी म्हणून हे लिहिते.

गोव्यात फोंडा तालुक्यात केरी गावी १३ जुलै १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे देवळाच्या सेवेतील कलावंतांचे. अशा घरच्या बाईचे गाणे लोक आवडीने ऐकत, पण तिला मान द्यायचे म्हटले की हात आखडत. आठव्या वर्षी त्यांना कोल्हापुरास अब्दुल करीम खांसाहेबांकडे शिकायला ठेवले. तिथे जेमतेम आठ महिने शिक्षण झाले. मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे, पुढे मुंबईस सतारिये बरकतुल्ला खां, भास्करबुवा बखले. एकाकडेही शिक्षण पुरे होईना. गुरू गावोगाव फिरणारे, त्याला कोण काय करणार? एखादी म्हणाली असती, येते तेवढे पुरे, बैठकी मिळताहेत.

केसरबाईंनी तसे म्हटले नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खांसाहेब यांच्याकडेच शिकायचे हा हट्ट त्यांनी धरला. खांसाहेब सहजासहजी गंडा बांधीत नसत. त्यांच्या अटी कडक होत्या, त्या मान्य करून १९२१ साली केसरबाई त्यांच्या शिष्या झाल्या. वय अठ्ठावीस. त्या वयात आपण मुलांच्या शाळेच्या काळजीत असतो, आणि या बाईने पुन्हा पहिल्यापासून सूर लावायला घेतला! खांसाहेबांची गायकी अवघड. मोकळा आकार, लांब दमसास, लयीत गुंफत जाणारी तान, त्यात अनवट आणि जोड राग. एकेक पलटा गळ्यावर चढेपर्यंत तासन् तास घोटायचा. हे शिक्षण १९४६ साली खांसाहेब वारले तोवर, म्हणजे पंचवीस वर्षे चालले. नाव झाल्यावरही त्या शिकतच होत्या, याचे मला फार नवल वाटते.

नाव तर मोठेच झाले. १९४८ साली कलकत्त्यास 'सूरश्री' ही पदवी मिळाली, १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण. बिदागी त्या भरपूर मागत आणि श्रोत्यांनी नीट बसून ऐकावे असा त्यांचा आग्रह असे. त्यांना गर्विष्ठ म्हणणारे पुष्कळ होते. स्वभाव करारी होता, जीभही तिखट असेल. पण पुरुष गवयाने असा मान मागितला तर त्याला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही, एवढे माझे म्हणणे.

ध्वनिक्षेपकाचे त्यांना वावडे. आवाज स्वतःच्या बळावर मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, अशी त्यांची रीत. तबकड्याही थोड्याच निघाल्या. तासाभराचा राग तीन-साडेतीन मिनिटांत कसा मावायचा? शिष्याही फारशा केल्या नाहीत. धोंडूताई कुलकर्णी यांना मात्र त्यांनी विद्या दिली. विद्या इतकी राखून ठेवावी हे मला पटत नाही, पण स्वतः सोसून मिळवलेली वस्तू उधळायला त्यांचे मन धजले नसावे.

१९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणे थांबवले. लोक ऐकायला तयार होते, आवाजही होता. तो उतरलेला कुणी ऐकू नये म्हणून त्या आधीच उठल्या.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या थोडेच दिवस आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली होती. पृथ्वीवरचे निवडक संगीत भरलेली एकेक सोनेरी तबकडी त्या यानांत ठेवली आहे. तबकडीवर भरवसा नसलेल्या केसरबाईंची भैरवी त्यात आहे, साडेतीन मिनिटांची. याने सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गेली आहेत आणि अजून पुढे चालली आहेत.