राजाला मर्यादा शिकवणारा गुरू

विद्वानाने सत्तेच्या किती निकट जावे, हा प्रश्न जुना आहे. सोळाव्या शतकातील स्कॉटिश लॅटिन कवी जॉर्ज बुकॅनन याचे चरित्र या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

त्याचा जन्म १५०६ चा. वडील लवकर वारले आणि आठ मुलांचा भार आईवर पडला. मामाने त्याला पॅरिसला शिकावयास धाडले; पण दोनच वर्षांत मामाही निवर्तला आणि निर्धन, आजारी विद्यार्थी मायदेशी परतला. पुढे अध्यापन हीच त्याची उपजीविका झाली.

राजा पाचव्या जेम्सच्या सूचनेवरून त्याने फ्रान्सिस्कन साधूंवर उपरोधिक काव्य लिहिले. १५३९ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा मात्र राजाश्रय कामी आला नाही. कैदेतून निसटून तो इंग्लंडमार्गे फ्रान्समध्ये गेला. बोर्दो येथे मोंतेन्य त्याचा विद्यार्थी होता. १५४७ मध्ये तो पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे शिकवू लागला. १५५० मध्ये धर्मन्यायासनाने त्याला पकडले. याच न्यायासनाची शाखा १५६० मध्ये गोव्यात आली. लिस्बनच्या मठातील स्थानबद्धतेत त्याने बायबलमधील स्तोत्रांचे लॅटिन पद्यरूपांतर हाती घेतले. त्यानेच त्याला युरोपभर कीर्ती दिली.

स्कॉटलंडला परतल्यावर तो राणी मेरीसमवेत लिव्हीचा इतिहास वाचत असे. पुढे तो तिच्या विरोधकांना मिळाला. तिच्यावरील त्याचे लेखन पक्षपाती होते, हे मान्य केलेच पाहिजे. १५७० मध्ये तिच्या चार वर्षांच्या पुत्राचा, सहाव्या जेम्सचा, तो शिक्षक झाला. शिस्त कडक होती; छडीतून राजाचीही सुटका नव्हती. १५७९ मध्ये त्याने याच शिष्याला एक ग्रंथ अर्पण केला. राजसत्ता प्रजेकडून येते, राजा कायद्याच्या अधीन असतो आणि जुलमी राजाला प्रजा पदच्युत करू शकते, हा त्याचा सिद्धांत.

१५८२ मध्ये बुकॅनन वारला. दोनच वर्षांत स्कॉटिश संसदेने तो ग्रंथ निषिद्ध ठरविला. शिष्याने १५९८ मध्ये राजाच्या दैवी अधिकाराचा पुरस्कार केला. १६८३ मध्ये ऑक्सफर्ड येथे गुरूचा ग्रंथ जाळण्यात आला. त्यानंतर सहाच वर्षांनी इंग्लंडच्या राजसत्तेवर कायद्याने बंधने आली. याचे श्रेय एका ग्रंथाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु शासकीय अनुदानावर वेतन घेणाऱ्या आम्हा अध्यापकांनी एवढे ध्यानी घ्यावे, की वेतन देणाऱ्यालाच त्याची मर्यादा शिकविणे हेही अध्यापनाचेच अंग आहे; आणि त्या विद्येचे फळ एका पिढीत मोजता येत नाही.