इंजिन तापतं का? मायबाखने शोधलेलं उत्तर

मायबाख म्हटलं की रील्समधली महागडी कार आठवते. पण हे नाव ज्याचं, तो विल्हेल्म मायबाख दहाव्या वर्षीच अनाथ झाला होता. जन्म १८४६, जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा. रॉयटलिंगेनच्या आश्रमात वाढला, तिथल्याच वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग शिकला. गॉटलीब डाइमलरने त्याला तिथेच हेरलं.

सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनाभोवतीचं पाणी उकळून उडून जायचं, म्हणून भरपूर पाणी सोबत न्यावं लागायचं. मोठं इंजिन म्हणजे आणखी पाणी, आणखी वजन. मायबाखने हवेला कामाला लावलं. १९०० च्या सुमारास त्याने ६ बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० नळ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जोडल्या. नळ्यांतून हवा, मधल्या फटींतून पाणी. पृष्ठभाग इतका वाढला की ९ लिटर पाणी पुरलं! गाडी हळू असताना वारा मिळत नाही, म्हणून मागे पंखा. ३५ हॉर्सपॉवरची ही मर्सिडीज १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत भाव खाऊन गेली.

आजही तेच गणित आहे. ट्रॅफिकमध्ये काटा वर जातो आणि हायवेवर खाली येतो? आधी पंखा बघा. हायवेवरच तापते? मग कूलंट कमी आहे का, रेडिएटर चोंदलाय का ते तपासा. (झाकण मात्र इंजिन गार झाल्यावरच उघडायचं, वाफेने हात भाजतो.)

इतकं करूनही १९०७ मध्ये मायबाख डाइमलर कंपनीतून बाहेर पडला. मग मुलगा कार्लसोबत झेपेलिन एअरशिपच्या इंजिनांचं काम सुरू केलं. १९२९ मध्ये तो गेला, तोवर त्याच्या आडनावाच्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.