लक्ष्मणराव किर्लोस्कर
लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे शेतीच्या अवजारांचे उत्पादन करणारे आद्य मराठी कारखानदार होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेतील अध्यापन सोडून त्यांनी बेळगावातील सायकलविक्री व दुरुस्तीच्या व्यवसायात लक्ष घातले. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी नांगर घेईनात. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथील नांगर, उसाचे चरक व पंप यांमुळे महाराष्ट्रातील शेतीत यंत्रांचा प्रसार झाला.