एका पान्याचा ट्रॅक्टर

फर्ग्युसन हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते पुण्यातील महाविद्यालयामुळे. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाने ते १८८५ साली सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी आयर्लंडमधील एका शेतकरी घरात याच नावाचा दुसरा एक माणूस जन्माला आला. त्याचे आपल्या शेतीवर मोठे ऋण आहे; पण त्याची जाणीव फार थोड्यांना असते. महाराष्ट्रातील कोणत्याही शिवारात उभा असलेला ट्रॅक्टर मागील बाजूने पाहावा. खाली दोन आणि वर एक असे तीन दांडे दिसतात आणि नांगरापासून पेरणीयंत्रापर्यंतची अवजारे त्यांनाच जोडली जातात. ही जोडणी शेतीत रूढ करणारा माणूस म्हणजे हॅरी फर्ग्युसन.

फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी डाऊन परगण्यातील ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल येथे झाला. अकरा भावंडांचे ते कुटुंब. वडील कडक धार्मिक शिस्तीचे होते आणि शेतीतील कष्टांना अंत नव्हता. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हा मुलगा घरच्या शेतावर राबू लागला. पण त्या कामात त्याचे मन कधीच रमले नाही. १९०२ साली तो बेलफास्टला थोरल्या भावाच्या सायकल व मोटार दुरुस्तीच्या दुकानात दाखल झाला आणि तेथे त्याला आपला मार्ग सापडला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने स्वतः बांधलेले विमान हिल्सबरो येथे उडवले. आयर्लंडमधील ते पहिले उड्डाण होते. पुढे १९११ साली त्याने स्वतःचा मोटारींचा व्यवसाय सुरू केला. विमानाचे वेड ओसरले, परंतु यंत्र उघडून ते का अडले हे शोधण्याची दुरुस्तीच्या दुकानातील सवय जन्मभर टिकली.

पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई भेडसावू लागली, तेव्हा १९१७ साली आयर्लंडमधील ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची कामगिरी सरकारने फर्ग्युसनवर सोपवली. विली सँड्स या आपल्या कुशल सहकाऱ्याला घेऊन तो गावोगाव हिंडला. त्या काळी घोड्यामागे नांगर जोडावा तसा तो ट्रॅक्टरमागे जोडून ओढत नेत असत. नांगर दगडात अडकला की मागची चाके जागीच रुतत आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकावर उलटे. चाके घसरू नयेत म्हणून ट्रॅक्टर अधिकाधिक जड करणे, हा इतर निर्मात्यांचा उपाय होता. फर्ग्युसनने प्रश्नच वेगळा मांडला. ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन यंत्रे न मानता त्यांचे एकच यंत्र करता आले, तर वजनाची गरजच उरणार नाही, असे त्याच्या लक्षात आले.

या कल्पनेला मूर्त रूप देण्यात जवळजवळ दोन दशके गेली. तीन दांड्यांच्या जोडणीत नांगराचा ताण खालच्या दोन दांड्यांवर येतो, तर वरचा दांडा पुढे रेटला जाऊन ट्रॅक्टरचे तोंड जमिनीलगत धरून ठेवतो. नांगर ओढताना येणारा भार मागच्या चाकांवर पडतो आणि हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते. जमीन कठीण लागली की वरच्या दांड्यावरील दाब वाढतो आणि तेलाच्या दाबावर चालणारी उचल यंत्रणा नांगर किंचित वर घेते. यंत्र हलके झाले, म्हणून स्वस्त झाले. आणि स्वस्त झाले, म्हणून लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आले.

डेव्हिड ब्राऊन यांच्या सहकार्याने १९३६ साली निघालेल्या पहिल्या ट्रॅक्टरचा खप बेताचाच होता. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसनने अमेरिकेत हेन्री फोर्डपुढे प्रात्यक्षिक केले. फोर्डने ट्रॅक्टर बनवायचा आणि फर्ग्युसनने तो विकायचा, असे ठरले. तेही कागदावर सही न होता, केवळ हस्तांदोलनावर. १९३९ साली ५८५ डॉलर किमतीचा त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला आणि १९४७ पर्यंत असे सुमारे तीन लाख ट्रॅक्टर तयार झाले. परंतु थोरल्या फोर्डनंतर नातवाने ही व्यवस्था मोडली आणि तीच जोडणी असलेला स्वतःचा ट्रॅक्टर विक्रीस आणला. फर्ग्युसनने २५ कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा दावा लावला. १९५२ साली ९२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. मालक म्हणून त्याने थोडे मिळवले आणि पुष्कळ गमावले. परंतु कालांतराने ही जोडणी जगभरच्या ट्रॅक्टरांची सामाईक मिळकत झाली.

फोर्डशी फाटले तरी काम थांबले नव्हते. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन येथील कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनी १९४६ पासून फर्ग्युसनचा ‘टीई-२०’ हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर बनवू लागली होती. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. फर्ग्युसनचा काटेकोर, प्रसंगी सहकाऱ्यांना जाच वाटणारा स्वभाव या यंत्राच्या प्रत्येक भागात उतरला आहे. गिअरचा दांडा विशिष्ट जागी नेल्याखेरीज इंजिन सुरूच होत नाही. त्यामुळे गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर अचानक पुढे झेपावण्याचे भय राहत नाही. अवजारे जुळवण्यासाठी ट्रॅक्टरबरोबर एकच पाना मिळे आणि त्यावर इंचांच्या खुणा असल्याने तोच मोजपट्टीचेही काम देई. ४ जानेवारी १९५८ रोजी एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तो असल्याच ट्रॅक्टरांवरून.

१९५३ साली फर्ग्युसनने आपला व्यवसाय कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीच्या बोलणीत दहा लाख डॉलरांचा फरक उरला, तेव्हा त्याचा निकाल नाणे उडवून लावण्यात आला आणि फर्ग्युसन हरला. पुढच्याच वर्षी तो कंपनीतून बाहेर पडला आणि मोटारींच्या चारही चाकांना शक्ती पुरवण्याच्या संशोधनात रमला. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासमध्ये ‘टॅफे’ ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या ट्रॅक्टरांबरोबर फर्ग्युसनचे नाव भारतीय शेतापर्यंत येऊन पोहोचले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता फर्ग्युसनचे एक स्वप्न भाबडेच म्हणावे लागेल. शेतीचा उत्पादनखर्च उतरला की अन्न स्वस्त होईल आणि अन्न स्वस्त झाले की दारिद्र्य हटेल, अशी त्याची श्रद्धा होती. घोड्यांच्या वैरणीखाली अडकलेली जमीन माणसांच्या अन्नासाठी मोकळी होईल, हा त्यातील हिशेब खरा होता. परंतु यंत्र आल्यावर शेतावरून दूर झालेल्या मजुराचे काय, स्वस्ताईचा लाभ शेवटी कोणाच्या पदरात पडतो, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही यंत्रात नसतात.

तथापि त्याच्या कामाचा एक परिणाम त्यालाही अपेक्षित नसावा. बॅनर लेनमधील ट्रॅक्टरनिर्मिती २००२ च्या डिसेंबरात थांबली. करडे ट्रॅक्टर मात्र थांबलेले नाहीत. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत जुने फर्ग्युसन ट्रॅक्टर शोधून ते पुन्हा चालते करण्याचा छंद जडलेल्यांचा मोठा समुदाय आहे. अमेरिकेत १९६१ साली आलेल्या ‘कब कॅडेट’सारख्या बागकामाच्या छोट्या ट्रॅक्टरांभोवतीही असाच मेळा जमला आहे. गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडलेले धूड घरी आणावे, जखडलेले दट्ट्ये तेलात भिजवून दिवसेंदिवस वाट पाहावी, एकेक भाग उतरवून साफ करावा, न मिळणारा भाग दुसऱ्या मोडक्या यंत्रातून मिळवावा आणि अखेर एखाद्या नांगरणीच्या स्पर्धेत ते यंत्र मातीत उतरवावे, असा हा उद्योग. एकाला ठाऊक असलेली युक्ती दुसऱ्याला फुकट सांगितली जाते. बाजाराच्या हिशेबात या श्रमांना मोल नाही. पण एका पिढीचे ज्ञान दुसऱ्या पिढीच्या हाती जाते ते अशाच श्रमांतून.

हिशेबनीस यंत्राची किंमत दरवर्षी घसाऱ्याने कमी करत नेतो आणि काही वर्षांनी ती शून्यावर आणून ठेवतो. मात्र यंत्राचे खरे आयुष्य आणखी एका गोष्टीवर ठरते. ज्याने ते विकत घेतले, त्याला ते उघडता येते काय? आजच्या अनेक ट्रॅक्टरांत बिघाड शोधण्याची किल्ली संगणकीय आज्ञावलीत बंद असते आणि ती निर्मात्याच्या ताब्यात राहते. आपल्याच शेतातील आपलेच यंत्र दुरुस्त करण्यासाठी अमेरिकेतील शेतकऱ्यांना कायद्याची मागणी करावी लागली. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली तसा कायदा केला. पैसे मोजूनही मालकी अपुरी राहण्याचा हा प्रकार उद्या आपल्याही दाराशी येणार आहे. आपल्याकडे ट्रॅक्टर बहुधा कर्ज काढून घेतला जातो आणि ऐन पेरणीत तो चार दिवस बंद पडला, तर सारा हंगाम हातचा जातो. अशा शेतकऱ्याला दुरुस्तीचा हक्क ही चैन वाटणार नाही.

फर्ग्युसनने आपल्या स्वामित्वहक्कांसाठी चार वर्षे न्यायालयात झुंज दिली, हे विसरून चालणार नाही. शोधाचे मोल शोधकर्त्याला मिळालेच पाहिजे, यावर तो ठाम होता. परंतु शोधावरचा हक्क राखत असतानाच त्याने विकलेल्या यंत्राबरोबर पानाही गिऱ्हाइकाच्या हाती दिला. त्याच्या निधनाला साठांहून अधिक वर्षे उलटली, तरी त्याचे करडे ट्रॅक्टर चालतात, ते त्या पान्यामुळे.