राणीच्या तोंडाला डांबर

चिंचवडगावातल्या चापेकर चौकातून तुमच्यापैकी कित्येक जण रोज कॉलेजला जातात. तिथे चापेकर बंधूंचे पुतळे आहेत. गंमत म्हणजे, त्यांतल्या थोरल्या भावाच्या लढ्याची सुरुवातही एका पुतळ्यापासूनच झाली.

दामोदर हरी चापेकर १८६९ मध्ये चिंचवडला जन्मले. वडील कीर्तनकार. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ कीर्तनात साथीला असायचे. दामोदरना लष्करात जायचं होतं, पण तिथे काही डाळ शिजली नाही. मग त्यांनी पोरं जमवून व्यायाम सुरू केला.

तेव्हा मुंबईच्या फोर्टात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. राणी स्वतः भारतात कधीच आली नाही. तिचं राज्य लोकांना दिसायचं ते नाण्यावर, टपाल तिकिटावर आणि अशा पुतळ्यांत. १८९६ साली एका रात्री त्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं, गळ्यात जोड्यांची माळ घातली. सरकार हादरलं. डाग निघता निघेनात. शेवटी ते काढले रसायनतज्ज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी. हे करणारा मात्र सापडला नाही. पुढे तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात दामोदरनीच कबुली दिली.

१८९७ ला पुण्यात प्लेग आला. रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर तपासणीसाठी घराघरांत घुसले. लोक संतापले. २२ जूनला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यातून (आज तिथे विद्यापीठ आहे) परतणाऱ्या रँडवर दामोदरनी गोळी झाडली. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. पुढच्याच वर्षी दोघे धाकटेही फासावर गेले.

दामोदरची सगळी मतं आज पटणार नाहीत. समाजसुधारकांवरही त्यांचा राग होता. पण सत्ता प्रतिमेवर उभी असते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. २००३ मध्ये बगदादेत सद्दामचा पुतळा पडताना जगाने टीव्हीवर पाहिला. २०१५ मध्ये केपटाउन विद्यापीठातला ऱ्होड्सचा पुतळा हटला, तो तुमच्याच वयाच्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळे.

मुंबईची ती राणी आता भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. आणि २०१८ मध्ये दामोदर चापेकरांचं टपाल तिकीट निघालं. तिकिटावरची ती जागा एकेकाळी राणीची होती.