आजचं चिंतन : डोंगर चढणारे आणि परत येणारे तुकोबा



वनातल्या एकांताचं सुख सांगणारा तुकोबांचा अभंग आपण सगळेच गुणगुणतो. बहुतेक वेळा कानात इअरफोन घालून! आज त्या अभंगामागचं आयुष्य थोडं पाहूया.

तुकोबांचा जन्म साधारणपणे १६०८ सालचा मानतात. देहूत घर, वाण्याचं दुकान, महाजनकी, थोडी सावकारी. म्हणजे दारात सतत माणसांचा राबता. थोरल्या भावाचं मन संसारात नव्हतं, म्हणून सगळा व्यवहार कोवळ्या वयात तुकोबांच्या गळ्यात पडला. पुढे आई-वडील गेले. १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. धंदा बुडाला, पत गेली. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. लहानगा संतूही गेला. तेव्हा तुकोबांचं वय होतं जेमतेम बावीस. आपल्यातल्या अनेकांचं त्या वयात कॉलेजसुद्धा नुकतंच संपलेलं असतं.

मन सुन्न झालं की आपला हात आपोआप फोनकडे जातो. एक रील, मग दुसरं, मग व्हॉट्सअॅप. दुःखाला समोर बसायला जागाच ठेवत नाही आपण. मग ते जात तर नाहीच, रात्री दोन वाजता परत येतं.

तुकोबा उठले आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. आज चाकणच्या कारखान्यांजवळ दिसतो ना, तोच डोंगर. तिथे सांत्वन करायला कोणी नव्हतं, सल्ला द्यायलाही नाही. समोर फक्त दुःख आणि विठ्ठल. पंधरा दिवसांत त्यांना विठ्ठलाचा साक्षात्कार झाला, असं परंपरा सांगते.

आता पुढचं नीट बघा. धाकटा भाऊ कान्होबा शोधत आला. तेव्हा तुकोबांनी सावकारीच्या कागदांची वाटणी केली. कान्होबाचा वाटा त्याच्या हातात दिला आणि स्वतःचा वाटा इंद्रायणीत सोडून दिला. ज्यांच्याकडून येणं होतं, ती माणसंही त्याच दुष्काळात होरपळलेली होती. एका माणसाच्या एकांताचा पहिला लाभ झाला तो गावातल्या कर्जदारांना!

त्यानंतर त्यांनी पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ नीट केलं. दिवसा भंडाऱ्याच्या डोंगरावर ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांच्या ग्रंथांचं वाचन-मनन करायचं आणि रात्री देवळात कीर्तनाला उभं राहायचं, असा त्यांचा क्रम सांगतात. वर जे मनात मुरायचं, ते खाली येऊन लोकांना वाटायचं.

आणि जिजाई? ती भाकरी घेऊन डोंगर चढायची, अशा गोष्टी आपण ऐकतो. तिचं रागावणं आपण हसत हसत सांगतो, पण घर तीच सांभाळत होती. आपण ध्यानाला बसतो तेव्हा आपलं काम कोणावर पडतंय, हे बघणंसुद्धा साधनाच आहे.

१६५० साली, फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकोबा वैकुंठाला गेले. तीच आपली तुकाराम बीज. त्यांचे अभंग मात्र अजून लाखो वारकऱ्यांच्या ओठांवर आहेत. एकटं बसायला शिकलेला माणूस किती जणांचा होऊ शकतो, बघा!

आपल्याला रोज भंडारा गाठणं जमेलच असं नाही. आज एवढंच करूया. घरच्यांना सांगून, हातातलं काम उरकून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. अॅप नको, टायमर नको. सुरुवातीला अस्वस्थ वाटेल. नको ते आठवेल, कदाचित रडूही येईल. येऊ दे. विठ्ठल समोर आहेच. आणि उठल्यावर कोणाचं एखादं जुनं येणं मनातून सोडून देता आलं, तर आजचा एकांत सार्थकी लागला म्हणायचं.

पांडुरंग हरी!